'वाह' सोडून काहीतरी बोला : कवितेचा धागा (कोल्हापूर आणि आजूबाजूचे)

तिकटीवरचा | शनिवार, रात्री ९:१२

मंडळी नमस्कार. धागा काढायचं कारण असं की परवा आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक कविता टाकली, चांगली चोवीस ओळींची, आणि टाकल्यावर पाचव्या सेकंदाला "अप्रतिम सर" असा मेसेज. आता चोवीस ओळी पाच सेकंदात वाचणारा माणूस आपल्या गल्लीत राहतोय आणि अजून त्याला कुणी यूपीएससीला कसं बसवलं नाही ह्याचंच मला नवल वाटालंय. त्याच्या खाली सहा जोडलेले हात, तीन गुलाब आणि एका काकांकडनं वाढदिवसाच्या शुभेच्छा.

कविसंमेलनातही तीच तऱ्हा. मागं एका ठिकाणी बत्तीस कवी होते, माझा नंबर एकोणतिसावा, आणि मी उठलो तेव्हा समोर चारच माणसं, त्यातला एक माईकवाला. ज्याची वाचून झाली तो चहा घेऊन घरला.

तर इथं एवढंच करायचं. आपली कविता टाकायची, पण त्याआधी दुसऱ्या दोघांच्या कवितेवर नीट काहीतरी लिहायचं. कुठला शब्द आवडला, कुठं अडखळलं, काय कळलं नाही. फॉरवर्ड केलेलं काही टाकायचं नाही. आणि अजून एक, हात जोडून विनंती, फिनिक्स नको. ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आपल्या सगळ्यांच्याच पोटात कालवलं, शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं, पण माझ्या एकट्याच्या फोनवर त्या आठवड्यात सात कविता आल्या आणि पाचांत फिनिक्स. ज्या खुर्चीत बसून आपण पहिलं नाटक बघितलं त्या खुर्चीवर एक कविता नाही.

वहीतला_गुलाब | शनिवार, रात्री ९:४०

काका मी सुरुवात करू का, दुसऱ्या कुणाची अजून आलीच नाही म्हणून अभिप्राय उधार राहिला. मी विद्यापीठात एमएस्सीला आहे, गझल शिकालोय. मतला, म्हणजे पहिला शेर, आहे फक्त.

रंकाळ तोच आहे, ती सांज तीच आहे
डोळ्यात मात्र माझ्या थोडी उणीच आहे

पांढरा_रस्सा | शनिवार, रात्री ९:४४

भावा रंकाळ्याचा काना कुठं गेला? आधीच तळ्यात जलपर्णी, त्यात तू पाणी पण कमी केलास व्हय 😄

वहीतला_गुलाब | शनिवार, रात्री ९:४६

वृत्तासाठी 🙈 आनंदकंद आहे, गागालगा लगागा दोनदा (गा म्हणजे गुरू, लांब अक्षर, ल म्हणजे लघु, आखूड). "रंकाळा" बसत नाही.

मात्रामास्तर | शनिवार, रात्री १०:०५

चिरंजीव, वृत्त अचूक आहे, त्याबद्दल आधी पाठ थोपटतो. 'तीच' आणि 'उणीच' हा काफिया, म्हणजे यमक, आणि 'आहे' हा रदीफ, म्हणजे यमकानंतर तसाच परत येणारा शब्द, तेही बरोबर. पण नाव तोडायचं नाही. वृत्तात बसवायला ऱ्हस्व-दीर्घाची थोडी सूट जुने कवी घेत, ती वेगळी. इथं गावाच्या तळ्याचं नावच बदलतं. ज्यानं रंकाळ्याच्या काठावर भेळ खाल्ली आहे तो पहिल्याच शब्दाला थांबणार आणि तुझी सांज राहिली बाजूला.

आता गंमत बघ. "कोल्हापुरात येतो" हे म्हणून बघ. को-ल्हा-पु-रा, गागालगा. त-ये-तो, लगागा. गावाचं नाव सप्तमीत घातलं की आनंदकंदाची अर्धी ओळ आयती तयार होते. मला हे पंचवीस वर्षांपूर्वी एसटीत सुचलं होतं आणि कंडक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, सुट्टे द्या.

आणि तुला ठाऊक असावं म्हणून सांगतो. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, आपल्या राजाराम कॉलेजात शिकवायला होते. मराठीत गझल पहिल्यांदा जोमानं आणली ती त्यांनी, 'गज्जलांजलि' १९३३ ची. आणि मराठी वृत्तांचा सगळा हिशेब मांडणारा 'छंदोरचना' हा ग्रंथही त्यांचाच. तू ज्या गावात गागालगा मोजतोयस तिथं हे काम आधी झालेलं आहे, तेव्हा जपून.

वहीतला_गुलाब | शनिवार, रात्री १०:२१

सर 🙏 हे माहीतच नव्हतं, मी यूट्यूबवरनं शिकलो. मग असं?

पाणी तसेच आहे, ती सांज तीच आहे

मात्रामास्तर | शनिवार, रात्री १०:२६

बसलं. आता 'तसेच' आणि 'तीच' एकाच ओळीत दोन्ही 'च' आले, ते कानाला जरा टोचतंय. झोप, उद्या बघ. सुरेश भटांनी नव्या लिहिणाऱ्यांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली आहे, मिळाली तर वाच. यूट्यूबपेक्षा कमी बडबड आहे त्यात.

पांढरा_रस्सा | शनिवार, रात्री १०:३०

"थोडी उणीच आहे" म्हणजे नक्की काय उणी आहे रं? पोरगी गेली का चष्मा लागला?

वहीतला_गुलाब | शनिवार, रात्री १०:३३

दोन्ही.

ह्यूस्टनची_वहिनी | शनिवार, रात्री १०:५०

वाह वाह!! रंकाळा म्हटलं की डोळ्यात पाणी!! अप्रतिम!!

तिकटीवरचा | शनिवार, रात्री १०:५२

वहिनी, नियम 😀

ह्यूस्टनची_वहिनी | शनिवार, रात्री १०:५८

अरे हो, सॉरी. बरं मग ऐका, मला "रंकाळ" खटकलं नाही कारण माझी आजी पद्माराजे उद्यानाच्या बाजूला राहायची आणि ती "रंकाळ्यावर" असंच म्हणायची, नुसतं रंकाळा कुणी म्हणतच नाही, कायम रंकाळ्यावर, रंकाळ्याला, रंकाळ्यात. तसं काहीतरी घ्या की.

मात्रामास्तर | शनिवार, रात्री ११:०४

ह्याला म्हणतात अभिप्राय. रं-का-ळ्या-ला, चारही गुरू, ह्या वृत्तात नाही बसणार, पण मुद्दा शंभर टक्के खरा.

कुंभारगल्ली | रविवार, सकाळी ६:१५

मी पहिल्यांदाच लिहालोय इथं. गुलाबची वाचली, मला दुसरी ओळ जास्त आवडली, "थोडी उणीच" मधला थोडी. जास्त उणी म्हणाला असता तर खोटं वाटलं असतं. आता माझी. चुका असतील, सांभाळून घ्या. २०१९ च्या पुरातली आहे, लिहिली मात्र गेल्या वर्षी, तोवर शब्दच येत नव्हते.

पाणी आलं उंबऱ्याला,
दादा म्हणे, चल आता.
मी म्हणालो, थांब जरा,
ओला आहे त्याचा माथा.

सोंड झाली, डोळा नाही,
तरी देव म्हणायचा.
मी घेतला खांद्यावर,
भार कुणी मोजायचा?

पाणी गेलं, रेघ आहे
भिंतीवर छातीपाशी.
रोज तिथं टेकतो मी,
बोलतो मी त्या रेघेशी.

पांढरा_रस्सा | रविवार, सकाळी ७:०२

आई शप्पथ.

हा अभिप्राय नाही हे म्हाईत हाय, चहा पिऊन परत येतो.

मुठेकाठी | रविवार, सकाळी ८:३०

दादा, फार चांगली कविता. मी पुण्याचा, इथे वाचायलाच येतो, पण ही वाचून लिहावंसं वाटलं. अष्टाक्षरी आहे, आठ-आठ अक्षरं चोख आहेत, मोजून बघितली. 'छातीपाशी' आणि 'रेघेशी' चांगलं जमलंय. पहिल्या कडव्यात 'आता' आणि 'माथा' हे यमक मात्र कच्चं वाटलं, त आणि थ. आणि मूर्ती म्हणजे गणपतीची, हे तिसऱ्या वाचनात कळलं. तुम्ही मूर्तिकार आहात का दादा?

कुंभारगल्ली | रविवार, सकाळी ९:१०

दादा न्हाई वो, ताई म्हणा 😀 मी बाई माणूस हाय. घरचा धंदा मूर्तीचा, वडील आणि भाऊ करायचे, मी आखणी करायचो. आखणी म्हणजे डोळे. सगळं झाल्यावर शेवटी डोळे काढायचे असतात, त्याला हात थरथरला की संपलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी आलं आणि चतुर्थी होती २ सप्टेंबरला, म्हणजे माल निम्मा रंगवून झालेला, निम्मा पांढरा. शाडूची मूर्ती पाण्यात बसली की परत माती होत्या. प्लास्टरची विरघळत न्हाई पण रंग जातो आणि खालनं ओल धरती, मग ती कुणी घेत न्हाई.

मुठेकाठी | रविवार, सकाळी ९:२६

अरेच्चा, क्षमस्व ताई. पण मग कवितेत दुरुस्ती करायला हवी. "मी म्हणालो", "टेकतो मी", "बोलतो मी" हे सगळं पुल्लिंगी झालंय. "मी म्हणाले", "टेकते मी", "बोलते मी" असं करा. अक्षरसंख्या तीच राहते, त्यामुळे छंदाला काही धक्का नाही. छोटीशीच दुरुस्ती आहे.

पांढरा_रस्सा | रविवार, सकाळी ९:२८

आलं पुणं.

तिकटीवरचा | रविवार, सकाळी ९:४१

मुठेकाठी साहेब, रागवू नका, पण ही चूक नाही. कोल्हापुरात बायका अशाच बोलतात. "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो गं". माझी बायको, माझी आई, माझी बहीण, तिघी. लग्न होऊन सातारला गेलेली मावशी पण पन्नास वर्षं झाली तरी "मी येतो" म्हणती आणि सासरचे हसतात. त्यात पुरुष व्हायचं काही नाही, बोलायची पद्धत आहे.

मुठेकाठी | रविवार, सकाळी ९:५५

बोलण्यात ठीक आहे, मी ऐकलंय. पण कविता कोल्हापूरच्या बाहेरचा माणूसही वाचणार. मला स्वतःला पुरुषच वाटला ना? कवितेत वाचकाची फसगत होत असेल तर तो दोषच म्हणायचा. भाषा शुद्ध असावी असं मी म्हणत नाही, स्पष्ट असावी एवढंच.

शाहिराचा_नातू | रविवार, सकाळी १०:२०

थांबा थांबा, ह्यात मी उडी घेतो कारण हा माझ्या घरातला विषय आहे. आजोबा डफ घेऊन पोवाडे म्हणायचे, आणि कधीमधी लावणी. आता मला सांगा, राम जोशी, होनाजी बाळा, परशराम, हे सगळे बाप्ये. लावणीत बोलते कोण? बाई. "मी" म्हणजे बाई. दोनशे वर्षांत कुणी होनाजीला सांगितलं का, की तू पुरुष आहेस तर "मी आले" चं "मी आलो" कर? नाही सांगितलं. उलट वाह वाह केली, फेटे उडवले. पुरुषानं बाईचा आवाज घेतला की ती कला आणि बाईनं तिचाच आवाज, तिच्या गावचा, कागदावर आणला की ती व्याकरणाची चूक? हे काय पटत नाही बघा.

मुठेकाठी | रविवार, सकाळी १०:३८

हा मुद्दा चांगला आहे. विचार करतो.

अक्षरवेल | रविवार, सकाळी ११:०५

मी एमए मराठी करते. मला ह्या कवितेत खूप महत्त्वाचं काही दिसतं. बाई पुरुषाचं क्रियापद घेते आणि देवाचा भार खांद्यावर घेते, म्हणजे ती लिंगभावाची चौकट मोडते, परंपरेने पुरुषाला दिलेलं वाहकत्व ती स्वतःकडे घेते. "बोलतो मी त्या रेघेशी" मध्ये रेघ म्हणजे मर्यादा, लक्ष्मणरेषा. बहिणाबाईंच्या बोलीचीही अशीच...

पांढरा_रस्सा | रविवार, सकाळी ११:०८

बहिणाबाईंना दरवेळी कशाला त्रास देता, त्यांना आराम करू दे की.

कुंभारगल्ली | रविवार, सकाळी ११:३०

अक्षरवेल, तुम्ही एवढा विचार केला त्याबद्दल थँक्यू. पण खरं सांगू का, मी काय मोडलं न्हाई. माझी आजी पण "मी चाललो गं देवळाला" म्हणायची आणि नवऱ्याच्या पुढं कधी खुर्चीवर बसली न्हाई. रेघ ती पाण्याचीच रेघ हाय. राखाडी, खाली थोडी हिरवट. आम्ही दोनदा चुना मारला, परत वर येती. २०२१ ला दुसरी आली तिच्याजवळ. आमच्यात पोरांना पाढे नंतर पाठ होतात, आधी ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि राधानगरी धरणाचे सात दरवाजे, किती उघडले, हेच दिवसभर.

"खांद्यावर घेतला" म्हणजे खरंच घेतला. तीन फुटी होता. माळ्यावर न्यायचा होता.

अक्षरवेल | रविवार, सकाळी ११:३६

सॉरी ताई. सेमिनारची सवय.

कुंभारगल्ली | रविवार, सकाळी ११:३८

अगं सॉरी कशाला, लक्ष्मणरेषा मला सुचली असती तर मी पण म्हणालो असतो.

निपाणीकर | रविवार, दुपारी १२:१०

आमच्यात सीमेवर तर अजून गंमत. पोरी "मी येतो" म्हणतात आणि वर कन्नडमध्ये हेल काढतात. असो. मला मुठेकाठींचं निम्मं पटलं. फसगत नको हे बरोबर. पण उपाय क्रियापद बदलणं नाही, कवितेतच कुठंतरी एक खूण ठेवा की बोलणारी बाई आहे. एकदा कळलं की "म्हणालो" वर वाचक दचकेल आणि त्याला मजा येईल. आत्ता तो दचकतच नाही, सरळ दादा म्हणून मोकळा होतो.

मात्रामास्तर | रविवार, दुपारी १२:४५

निपाणीकर, नेमकं बोललात. जेवण सोडून लिहितो आहे, घरातनं हाका सुरू आहेत.

भाऊ हाक मारतोय. तो तिला कशानं हाक मारेल ते घाला. म्हणजे खूणही येते आणि ते 'आता-माथा' सुद्धा जातं. दोन दगड एकाच पाटीत. उदाहरणार्थ:

भाऊ म्हणे, चल अक्का.
मी म्हणालो, थांब जरा,
रंग न्हाई झाला पक्का.

आठ-आठ अक्षरं, यमक ठणठणीत, "अक्का" नं बाई कळली, "पक्का" नं कारखाना कळला. न्हाई मोजताना न्हा एक, ई एक, जोडाक्षराचं एकच.

पांढरा_रस्सा | रविवार, दुपारी १२:४८

नाद खुळा मास्तर!! जेवा आता.

वहीतला_गुलाब | रविवार, दुपारी १२:५५

सर कडक. अक्का-पक्का लगेच तोंडात बसलं.

ह्यूस्टनची_वहिनी | रविवार, दुपारी १:०३

मला पण आवडलं. (वाह म्हणत नाहीये. इथे पहाटेचे अडीच वाजलेत, पण झोप येईना.)

कुंभारगल्ली | रविवार, दुपारी ३:२०

मास्तर, लई सुंदर आहे. दोनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. पण मला ते घेता येणार न्हाई.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा हाय. तो मला अक्का कसा म्हणंल? आणि धाकटा भाऊ मला न्हाईच. वाचणाऱ्याला कळणार न्हाई हे खरं, पण मला कळंल की. दादा कंबरभर पाण्यात दारात उभा होता, हातात बॅटरी, दुसऱ्या हातात सिलिंडरची शेगडी. त्याच्या जागी मी दुसरा भाऊ कसा उभा करू?

मात्रामास्तर | रविवार, दुपारी ३:४०

तुमचं खरं आहे. मी यमकामागं धावलो. सदतीस वर्षं पोरांना मराठी शिकवली, त्यातली तीस तरी "यमक जुळवा" म्हणण्यात गेली.

शाहिराचा_नातू | रविवार, दुपारी ३:५२

पण ताई, कविता म्हणजे पंचनामा नव्हे. पोवाड्यात दहा मावळ्यांचे शंभर होतात, नाहीतर डफावर थाप बसत नाही. एक अक्का घेतली तर काय बिघडतं? अनुभव खरा आहे ना.

कुंभारगल्ली | रविवार, संध्याकाळी ४:१५

दहाचे शंभर करा की. पण दहा मावळ्यांत मावळेच ऱ्हातात, माझ्यात दादाच जातोय.

तिकटीवरचा | रविवार, संध्याकाळी ४:३०

दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून मी भांडण मिटवणार नाही, कारण मला नातवापेक्षा ताईंचं जास्त पटलं. कविता खरी असावी म्हणून नव्हे हां. "अक्का-पक्का" वाचताना मला मास्तर दिसले, ताई नाही दिसल्या. इतकं गुळगुळीत बसतंय की त्यात पाणी शिरलेलं वाटतच नाही. ताईंचं ते 'आता-माथा' कच्चं होतं पण घाईतलं वाटत होतं. तरी कच्चं ते कच्चंच, ते राहू द्या असं नाही म्हणणार.

बरं मला एक प्रश्न, मधल्या कडव्यावर कुणी काहीच बोललं नाही. "तरी देव म्हणायचा" हे मला जरा सोपं गेलं. डोळा नाही तरी देव, हे लगेच सांगून टाकलंत. तुमच्यात खरंच कधीपासून देव म्हणतात त्याला? साच्यातनं काढल्यापासून का घरी बसवल्यावर?

कुंभारगल्ली | रविवार, संध्याकाळी ५:०५

हे कुणी कधी विचारलं न्हाई. आम्ही 'माल' म्हणतो. "किती माल गेला", "माल माळ्यावर टाक". प्रतिष्ठापना झाल्याशिवाय देव न्हाई, असं वडील म्हणायचे, पण पाय कुणाचा लागला की तेच पहिल्यांदा हात जोडायचे. त्या रात्री मात्र मला काय म्हणायचं ते समजत नव्हतं. बघतो विचार करून. आता गिऱ्हाईक आलंय.

वहीतला_गुलाब | रविवार, संध्याकाळी ७:४०

मध्येच माझं टाकू का. दोन 'च' चा त्रास काढला, आणि वहिनींचं "रंकाळ्यावर" डोक्यातनं जाईना म्हणून वृत्तच सोडलं. चार साध्या ओळी.

रंकाळ्यावर सगळे येतात
कुणी भेळेला, कुणी वाऱ्याला
मी नवा चष्मा घालून आलो
तू स्पष्ट दिसली नाहीस तेवढी

पांढरा_रस्सा | रविवार, संध्याकाळी ७:४४

हे कालच्यापेक्षा लई भारी हाय. काल नुसती शोभा होती, आज चष्मा आला. "तेवढी" शेवटी का टाकलास ते म्हाईत न्हाई पण तिथंच अडकलो.

मात्रामास्तर | रविवार, रात्री ८:१०

वृत्त सोडलं म्हणून रागवायला आलो होतो. राग आला नाही. पण गझल सोडू नकोस, वृत्त हातात आल्यावर सोडण्यात मजा आहे. मंगळवारी मी करवीर नगर वाचन मंदिरात असतो सकाळी, ये भेटायला, 'छंदोरचना' दाखवतो. जाड आहे, घाबरू नकोस.

कुंभारगल्ली | रविवार, रात्री १०:४०

झाली बहुतेक. दादाला फोन केला आणि विचारलं, त्या रात्री तू मला काय म्हणून हाक मारलीस आठवतंय का? म्हणाला, मला कसं आठवणार, पोरी चल पोरी चल म्हणत असणार, तुला मी दुसरं काय म्हणतो? आणि वर विचारतोय, का गं, पाणी वाढालंय काय.

पाणी आलं उंबऱ्याला,
दादा म्हणे, चल पोरी.
मी म्हणालो, थांब जरा,
डोळ्यांची ह्या जागा कोरी.

सोंड झाली, पोट झालं,
देव कधी म्हणायचा?
मी घेतला खांद्यावर,
भार कुणी मोजायचा?

तिसरं कडवं तसंच ठेवलंय. त्याला हात लावला की बिघडालंय.

मात्रामास्तर | रविवार, रात्री १०:५५

डोळ्यांची ह्या जागा कोरी.

मोजलं नाही. मग मोजलं. आठ आहेत.

निपाणीकर | रविवार, रात्री ११:०२

"पोरी" नंतर लगेच "म्हणालो". आता दचकलो बघा. आणि डोळे कोरे म्हटल्यावर गणपती पण पहिल्याच कडव्यात आला, आधी तिसऱ्या वाचनापर्यंत थांबावं लागत होतं.

शाहिराचा_नातू | रविवार, रात्री ११:१०

माघार घेतो. देव कधी म्हणायचा ह्या ओळीला आजोबांनी डफ खाली ठेवला असता. एक शंका फक्त, "डोळ्यांची ह्या" असं उलटं का, "ह्या डोळ्यांची" का नाही? अक्षरं तेवढीच.

कुंभारगल्ली | रविवार, रात्री ११:१८

"ह्या डोळ्यांची" म्हटलं की माझे डोळे वाटतात.

मुठेकाठी | सोमवार, सकाळी ७:५०

रात्री वाचलं, सकाळी परत वाचलं. ताई, मी "म्हणाले" करा म्हणत होतो ते मागे घेतो. ते केलं असतं तर माझी सोय झाली असती आणि "पोरी" कधी आलीच नसती.

दोनपेक्षा जास्त अभिप्राय देऊन झालेत म्हणून धीर करून माझी टाकतो. बासष्ट वर्षांत कुणाला दाखवली नाही. चारच ओळी.

कपाटात जुनी छत्री,
काडी तिची मोडलेली,
पाऊस आला की आठवे
आई दारी भिजलेली.

मात्रामास्तर | सोमवार, सकाळी ८:१५

या, या. तिसऱ्या ओळीत नऊ झाली साहेब. दुसऱ्यांची मोजलीत, स्वतःची राहिली 😀

पांढरा_रस्सा | सोमवार, सकाळी ८:१७

"सर आली की आठवे" करा, आठ होतात. बघा, मी पण शिकालोय.

वहीतला_गुलाब | सोमवार, सकाळी ८:३१

काका मोडलेली काडी मस्त आहे, छत्री म्हटलं की मला कापडच आठवतं, काडी कुणी लिहीत नाही. "दारी" जरा जुनं वाटलं.

कुंभारगल्ली | सोमवार, सकाळी ९:०५

छत्री कपाटात हाय आणि आई दारात भिजालीया. का?

मुठेकाठी | सोमवार, सकाळी ९:२०

त्या दिवशी छत्री मी कॉलेजला नेली होती. ती दळण घेऊन आली.

कुंभारगल्ली | सोमवार, सकाळी ९:२२

मग ते कवितेत कुठं हाय?